डिस्चार्जनंतरची शुश्रूषा: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची घरी काळजी कशी बसवायची

अर्धांगवायूचा झटका, खुब्याचं ऑपरेशन, मेंदूतला रक्तस्राव किंवा लांबलेला न्यूमोनिया. दवाखान्यात दहा-पंधरा दिवस गेले की डॉक्टर म्हणतात, "आता इथं ठेवून वेगळं काही करायचं नाही, घरी न्या." बिलाचा आकडा पाहून घरच्यांनाही ते पटतं. दोन दिवसांत हॉलमधला सोफा हलतो, भाड्याचा फाउलर बेड (डोक्याची आणि पायांची बाजू वर-खाली होणारा बेड) येतो, त्यावर एअर बेड येतो, नर्सिंग ब्युरोतून मावशी येतात. 'घरच्या घरी आयसीयू' अशा जाहिराती हल्ली शहरांत जागोजागी दिसतात. एवढं सगळं करूनही काही आठवड्यांत तोच पेशंट माकडहाडावरची जखम, छातीतला कफ किंवा लघवीतला जंतुसंसर्ग घेऊन पुन्हा दाखल होतो.

यात माया कमी पडलेली नसते. वॉर्डात प्रत्येक पेशंटमागे एक व्यवस्था उभी असते. कूस कधी बदलली ते लिहिलेलं असतं, ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट दाखवून सोपवते, काही सुटलं तर इन्चार्ज सिस्टरच्या नजरेला येतं. घरी बेड येतो, पण ही व्यवस्था येत नाही. ती उभी करायला फार पैसे लागत नाहीत. कोणतं काम, किती वाजता, कोणी करायचं आणि ते कुठे लिहायचं, एवढं ठरवावं लागतं.

सिस्टर, ब्रदर, मावशी: कोणाला काय येतं?

ब्युरोला फोन केला की "सिस्टर पाठवतो" असं सांगतात. पण घरी येणारी प्रत्येक व्यक्ती नर्स असतेच असं नाही. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं आणि एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवाइफरी) दोन वर्षांचं शिक्षण असतं. हे केलेल्यांची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते आणि तिचं नूतनीकरण करत राहावं लागतं. याउलट अटेंडंट, म्हणजे आपण ज्यांना मावशी किंवा दादा म्हणतो, त्यांनी काही महिन्यांचा जनरल ड्यूटी असिस्टंटचा कोर्स केलेला असतो किंवा नुसत्या अनुभवावर शिकलेलं असतं. अनुभवी मावशी स्पंजिंग (ओल्या कपड्याने अंग पुसणं), कूस बदलणं, बेडपॅन, भरवणं ही कामं फार छान करतात. मात्र नाकातली नळी घालणं, लघवीची नळी बदलणं, शिरेतून इंजेक्शन देणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं आहेत. "त्यांना येतं म्हणतात" यावर ती सोपवू नयेत. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच नको.

चोवीस तास नर्स ठेवणं बहुतेक घरांना परवडत नाही आणि बऱ्याच पेशंटना तिची गरजही नसते. मधला मार्ग असा: रोजची कामं अटेंडंट आणि घरचे मिळून करतात आणि आठवड्यातून एकदा नोंदणीकृत नर्स तासभर येऊन जाते. ती पेशंटची कातडी डोक्यापासून टाचेपर्यंत बघते, नळ्या तपासते, औषधांचा मेळ घालते, रोजच्या नोंदींची वही वाचते आणि मावशींना चुकतंय ते करून दाखवते. घरच्या शुश्रूषेत एकच गोष्ट नव्याने सुरू करता येणार असेल, तर ती हीच करा. केरळने २००८ साली वेदनाशामक शुश्रूषेचं (पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात त्रास हलका करणारी काळजी) धोरण आणलं. तिथे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मदतीने नर्स घरोघर जाऊन अंथरुणावरच्या पेशंटना बघते. मोठी यंत्रं न लावता घरचे लोकच पुष्कळ काही करू शकतात. फक्त कोणीतरी जाणतं माणूस ठरावीक दिवशी येऊन बघून गेलं पाहिजे.

डिस्चार्ज कार्ड हातात घेण्याआधी

निघायच्या दिवशी बिलाची, अँब्युलन्सची धावपळ असते. सिस्टर भराभर सांगते आणि आपण मान डोलावतो. त्यामुळे हे शिकणं आदल्या दिवशीच उरका. वॉर्डातल्या सिस्टरसमोर एक फीड (नळीतून द्यायचं पातळ अन्न) स्वतःच्या हाताने द्या, एकदा कूस बदला, युरोबॅग (लघवी साठणारी पिशवी) रिकामी करा. नुसतं बघून आलेलं घरी पहिल्याच रात्री विसरतं. आपण करताना सिस्टरने चूक दाखवली तर ती लक्षात राहते.

कार्डावर चार गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: प्रत्येक नळी कोणत्या तारखेला घातली आणि कधी बदलायची, जुन्या औषधांपैकी कोणती बंद, ऑक्सिजनचं प्रमाण किती राहिलं पाहिजे, आणि रात्री अडचण आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. जुन्या औषधांचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण घोटाळा सर्वांत जास्त तिथेच होतो. बीपीची एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी मिळते. घरी जुनी पाकिटं असतात, कार्डावर नवं नाव असतं, आणि भाबडेपणाने दोन्ही चालू राहतात. पेशंटचं बीपी खाली जातं, तो झोपाळतो आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. प्रत्येक पाकीट उलटं करून ते जुळवा आणि बंद झालेली औषधं घरातून काढूनच टाका.

बेडसोर: बाहेर डाग, आत जखम

बेडसोर म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून कातडी आणि तिच्याखालचं मांस मरणं. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपलं जातं, बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त पोचत नाही. धडधाकट माणूस झोपेतही कूस बदलतो, म्हणून त्याला काही होत नाही. अर्धांगवायूच्या पेशंटला दाब जाणवत नाही किंवा हलता येत नाही. कित्येकदा ही इजा हाडाजवळ, आतून सुरू होते. हापूसमध्ये साका असतो तसं: साल चांगली, वर जेमतेम काही दिसतं, आणि कापल्यावर आत केवढा तरी भाग गेलेला. म्हणूनच "रुपयाएवढीच तर जखम आहे" असं म्हणून थांबायचं नसतं.

जागा ठरलेल्या आहेत. माकडहाड, टाचा, खुब्याची बाजूची हाडं, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी टेकते तो कानामागचा भाग. रोज स्पंजिंग करताना या सगळ्या जागा चांगल्या उजेडात बघायच्या. लालसर दिसलं तर बोटाने दाबून तीन सेकंद धरा आणि सोडा. दाबल्यावर फिकट होऊन पुन्हा लाली आली तर रक्त फिरतंय. दाबूनही रंग बदलत नसेल तर बेडसोरची पहिली पायरी सुरू झाली. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही. तिथे हाताने बघा: आजूबाजूपेक्षा तो भाग गरम, कडक किंवा पिचपिचीत लागतो, किंवा जांभळट काळपट दिसतो. दुसऱ्या पायरीत फोड येतो किंवा वरची कातडी जाते, तिसरीत चरबी दिसते, चौथीत स्नायू आणि हाड. पहिली पायरी दाब काढल्यावर काही दिवसांत परत फिरते. चौथी भरायला महिनेच्या महिने जातात.

उपाय एकच, दाब हलवत राहणं. साधारण दर दोन तासांनी डावी कूस, पाठ, उजवी कूस असा फेरा. पण कुशीवर म्हणजे पूर्ण आडवं नव्हे. तसं केलं की सगळं वजन खुब्याच्या हाडावर येतं आणि तिथे नवी जखम होते. पेशंटला थोडंसंच, साधारण ३० अंश, कलतं करा आणि पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी लावा. मग आपला तळहात खालच्या बाजूने माकडहाडापर्यंत सरकवून बघा. हाड मोकळं असेल तर कूस बरोबर झाली. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी ठेवा. पाठीवर असताना पोटरीखाली उभी उशी अशी ठेवा की टाचा हवेत राहतील. टाचेखालीच उशी ठेवणं ही नेहमीची चूक.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे पेशंट खाली घसरला की बगलेत हात घालून वर ओढणं. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. या घासण्याने मांस आतून फाटतं. शिवाय अर्धांगवायूच्या बाजूचा खांदा निखळतो तो वेगळाच. बेड सपाट करा, पेशंटच्या खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर घाला, दोघांनी दोन्ही बाजूंनी ती चादर गुंडाळून धरा, "एक, दोन, तीन" म्हणा आणि उचलून सरकवा. मुळात तो घसरू नये म्हणून, फीडची वेळ सोडली तर, बेडचं डोकं ३० अंशांपेक्षा वर ठेवू नका.

ओल हे बेडसोरचं दुसरं कारण. डायपर भरायची वाट बघायची नाही, शौच झाली की लगेच बदलायचं. सौम्य साबण आणि पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, चोळू नका, झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा. पावडरचे थर घामात भिजून गोळे होतात आणि टोचतात. दुपारी दोनेक तास डायपर उघडं ठेवून खाली अंडरपॅड (ओल शोषणारं पॅड) घातला तर कातडीला हवा लागते.

लाल झालेल्या जागी तेल जिरवून मालिश करू नका. तिथली आधीच दुखावलेली ऊती आणखी तुटते. उघड्या जखमेत हळद, टाल्कम पावडर, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही जाऊ देऊ नका. नॉर्मल सलाईनने धुणं आणि नर्सने सांगितलेलं ड्रेसिंग, एवढंच. मधोमध भोक असलेली रबरी रिंग पूर्वी सर्रास द्यायचे, ती आता देत नाहीत. रिंगच्या कडेने रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि मधला भाग आणखी उपाशी राहतो.

"एअर बेड आणलाय, मग पुन्हा कूस कशाला?"

हा प्रश्न हमखास येतो. एअर बेडच्या नळ्यांत आळीपाळीने हवा भरते आणि सुटते, त्यामुळे दाबाची जागा बदलते. तो उपयोगी आहेच, पण कूस बदलण्याची जागा घेत नाही. चांगला एअर बेड असेल आणि कातडी ठीक असेल तर रात्रीचा फेरा तीन-चार तासांवर नेता येतो. किती, ते नर्सने कातडी बघून ठरवावं. घरच्यांची झोप वाचते, हा काही छोटा फायदा नाही.

बेड नीट लावलाय का हे मात्र तपासायला हवं. साध्या गादीवर एअर बेड, त्यावर एकच चादर. वर रबर शीट, गोधडी, दोन अंडरपॅड असे थर चढवले तर हवेचा काही उपयोग उरत नाही. एअर बेडच्या खालून, माकडहाडाच्या बरोबर खाली, तळहात वर करून घाला. हात आणि पेशंट यांच्यामध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागलं तर पंपाचं सेटिंग पेशंटच्या वजनाला कमी पडतंय. लाइट गेली की पंप बंद पडतो आणि हवा हळूहळू उतरते. भारनियमनाच्या गावात हे रोजचं आहे. अशा वेळी दोन तासांचा फेरा पुन्हा सुरू करा.

नाकातल्या नळीतून फीड: घाई कुठे महागात पडते

गिळता येत नसेल तर नाकातून जठरापर्यंत नळी घालतात, तिला राईल्स ट्यूब म्हणतात. सर्वांत मोठा धोका म्हणजे अन्न फुप्फुसात जाणं. नळी सरकली असेल, पेशंट सपाट झोपलेला असेल किंवा फीड जोरात ढकलला तर हे होतं, आणि त्यातून न्यूमोनिया होतो.

फीड देण्याआधी हात साबणाने धुवा आणि बेडचं डोकं ३० ते ४५ अंशांवर घ्या. नाकपुडीजवळ नळीवर जी खूण किंवा आकडा आहे तो वहीतल्या आकड्याशी जुळतो का बघा. पहिल्याच दिवशी तिथे पक्क्या मार्करने रेघ मारून ठेवावी. तोंड उघडून घशात नळीचं वेटोळं नाही ना ते पाहा. सिरिंज लावून हलकेच ओढा, जठरातलं पाणी किंवा आधीचा फीड येतो. सिरिंजने हवा ढकलून स्टेथोस्कोपने पोटावर गुडगुड ऐकण्याची जुनी पद्धत आता भरवशाची मानत नाहीत, कारण नळी फुप्फुसात असली तरी तसा आवाज येऊ शकतो. खूण सरकलेली असेल किंवा शंका आली तर फीड थांबवा आणि नर्सला बोलवा. एक फीड चुकल्याने नुकसान होत नाही.

सगळं ठीक असेल तर ३० मिली पाणी, मग २०० ते २५० मिली फीड, मग पुन्हा ३० मिली पाणी. ५० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवा, नळकांडं पेशंटच्या डोक्यापेक्षा थोडं वर धरा आणि फीड आपोआप उतरू द्या. पंधरा-वीस मिनिटं लागतात. नऊच्या मालिकेआधी उरकायचं म्हणून दट्ट्याने पाच मिनिटांत ढकललं की पोट तटतटतं, उलटी होते आणि ती छातीत जाते. फीडनंतर तासभर डोकं वरच ठेवा. कूस बदलणं, छातीचा व्यायाम, स्पंजिंग ही कामं फीडच्या आधी करा. मध्येच खोकला, धाप किंवा ओठ निळसर दिसले तर नळी चिमटून ताबडतोब थांबा.

आता फीडमध्ये काय असतं ते बघू. बऱ्याच घरांत दिवसभर वरणाचं वरचं पाणी, पेज, नारळपाणी आणि फळांचा रस जातो. नळी तुंबत नाही म्हणून सगळे खूष, आणि पेशंट मात्र महिन्याभरात सुकतो. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी लागतात. सात फीड २०० मिलीचे धरले तर १४०० मिली होतात. म्हणजे प्रत्येक मिलीत एक कॅलरीहून थोडं जास्तच असायला हवं. डाळीच्या वरच्या पाण्यात प्रथिनं नावालाच असतात. शिजलेली डाळ, भात किंवा रवा, दूध, तेल, चालत असेल तर उकडलेलं अंडं, हे मिक्सरमध्ये बारीक करून गाळणीने गाळून द्यावं लागतं. बेडसोर असेल तर प्रथिनांची गरज वाढते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ती मोजूनच द्यावी लागतात. म्हणून एकदा आहारतज्ज्ञाकडून पेशंटच्या वजनाप्रमाणे तक्ता करून घ्या. घरी केलेला फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. फ्रीजमधला २४ तासांत संपवा, देण्याआधी कोमट करा.

गोळ्या वेगवेगळ्या कुटून वेगवेगळ्या द्या, मध्ये १०-१५ मिली पाणी. पाकिटावर एसआर, ईआर, एक्सआर लिहिलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. त्यांतलं औषध दिवसभर हळूहळू सुटावं अशी त्यांची बांधणी असते, कुटली की सगळा डोस एकदम जातो. अशी गोळी कार्डावर असेल तर डॉक्टरांकडून पातळ औषध किंवा पर्याय लिहून घ्या. फिट्सच्या फेनिटॉइनसारखी काही औषधं फीडबरोबर दिली तर नीट शोषली जात नाहीत. त्यांची वेळ फीडपासून किती लांब ठेवायची, तेही विचारा.

नळीतून जेवणाऱ्या पेशंटचं तोंड रोज धुवायचं असतं, हे बऱ्याच घरांना ठाऊक नसतं. तोंडात साचलेले जंतू लाळेबरोबर छातीत उतरतात. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ साफ करा. कवळी रात्री काढून ठेवा.

लघवीची नळी

इथे नियम थोडे आहेत, पण कडक. युरोबॅग नेहमी पोटाच्या पातळीच्या खाली, पण फरशीला न टेकता, बेडच्या हुकाला. कूस बदलताना किंवा व्हीलचेअरवर नेताना बॅग पेशंटच्या पोटावर ठेवली की बॅगेतली शिळी लघवी परत मूत्राशयात जाते. नळी मांडीला टेपने चिकटवा, ओढ बसली की आतला फुगा मूत्रमार्ग दुखावतो. बॅग दोन तृतीयांश भरली की खालची तोटी उघडून वेगळ्या मगात रिकामी करा आणि मोजून लिहा. बॅग आणि नळीचा जोड उगाच उघडायचा नाही. नळीच्या तोंडाची जागा रोज साबण-पाण्याने धुवा. चार तासांत लघवी आली नाही तर आधी नळीला पीळ पडलाय का, ती पेशंटच्या अंगाखाली दबली आहे का बघा. तसं काही नसेल आणि ओटीपोट फुगलं असेल तर लगेच फोन करा.

लघवी नुसती गढूळ दिसली म्हणून केमिस्टकडून अँटिबायोटिक आणू नका. नळी असली की लघवीत जंतू सापडतातच. ताप, थंडी वाजणं किंवा अचानक आलेला भ्रमिष्टपणा असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

इन्सुलिनची सिरिंज: लाल टोपण, केशरी टोपण

भारतात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १००. सिरिंजही दोन, ४० साठी लाल टोपणाची आणि १०० साठी केशरी. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला २० ऐवजी ५० युनिट जातात, म्हणजे अडीच पट. रात्रीच्या ड्यूटीला नवीन माणूस असतो, दुकानात हवी ती सिरिंज संपलेली असते, आणि घात होतो. बाटलीवर मोठ्या अक्षरात ४० किंवा १०० लिहा, दुसऱ्या प्रकारची सिरिंज घरातच ठेवू नका.

फीड किंवा जेवण चुकलं तर जेवणाआधीचं इन्सुलिन ठोकळेबाजपणे देऊ नका, डॉक्टरांना विचारा. शुगर ७० च्या खाली गेली आणि पेशंट शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. नळी असेल तर तेच पाणी नळीतून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. वापरलेल्या सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक बाटलीत गोळा करा, घंटागाडीच्या पिशवीत सुट्ट्या टाकल्या तर सफाई कामगाराच्या हातात घुसतात.

वही

दोनशे पानी साधी वही पुरते. एका दिवसाला एक पान. उभे रकाने: वेळ, कूस, फीड, पाणी, लघवी, शौच, नाडी, श्वास, बीपी, ताप, ऑक्सिजन, शुगर, सही. पान असं दिसतं: "सकाळी ८, डावी कूस, फीड २००, पाणी ६०, श्वास १८, ऑक्सिजन ९६, माकडहाड स्वच्छ. १०, पाठ, लघवी ३५०, गढूळ नाही." मावशींना लिहायला जड जात असेल तर कुशीसाठी डावा-उजवा बाण आणि बाकीच्यासाठी टिकमार्क चालतात. लिहिता येत नाही म्हणून नोंदच नाही, असं होऊ देऊ नका.

बीपी सगळे मोजतात, श्वास कोणीच मोजत नाही. पेशंट शांत असताना छाती किंवा पोट एका मिनिटात किती वेळा वर येतं ते घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा. १२ ते २० ठीक. २५ किंवा जास्त असेल तर तब्येत बिघडतेय, मग बीपी कितीही छान असो. ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नेलपॉलिश किंवा काळी मेंदी नको.

ड्यूटी बदलताना दोघींनी बेडपाशी उभं राहून दहा मिनिटं द्यायची. माकडहाड आणि टाचा एकत्र बघायच्या, नळीची खूण बघायची, बॅगेतली लघवी बघायची, कोणतं औषध राहिलंय ते सांगायचं. दारात चपला घालता घालता "सगळं ठीक आहे हो" म्हणणं म्हणजे सोपवणं नव्हे.

वही खोटीही भरली जाते. सलग आठवडाभर रोज १२०/८० दिसलं की समजायचं, ड्यूटी संपताना एका बसणीत सगळे रकाने भरले आहेत. यामागे बहुधा आळसापेक्षा भीती असते. लाल डाग दिसला असं मावशींनी लिहिलं आणि घरचे त्यांच्यावरच ओरडले, ब्युरोला फोन करून बदली मागितली, तर पुढच्या वेळी त्या डाग झाकतील. तो डाग मग आठ दिवसांनी वासावरून कळतो. म्हणून कामाच्या पहिल्या दिवशीच सांगा, "मावशी, काहीही वेगळं दिसलं तर लगेच सांगा, तुम्हाला कोणी बोलणार नाही," आणि तो शब्द पाळा.

डॉक्टरांना फोन करताना

"डॉक्टर, बाबांना बरं वाटत नाहीये" यावर डॉक्टर काय सांगणार? वही समोर घेऊन चार वाक्यं बोला: आत्ता काय झालं, मागे काय होतं, आकडे काय आहेत, आणि तुम्हाला काय हवंय. "डॉक्टर, बाबा सकाळपासून झोपाळलेत, हाक मारल्यावर उशिरा ओ देतात. महिन्यापूर्वी अर्धांगवायू झालाय, राईल्स ट्यूब आहे. श्वास २६, ऑक्सिजन ९१, ताप १००.८, रात्री फीडच्या वेळी खोकला आला होता. दाखल करावं का?" एवढ्यावर डॉक्टर मिनिटात निर्णय देऊ शकतात. वयस्कर माणसात जंतुसंसर्ग झाला तरी कित्येकदा ताप येतच नाही. अचानक आलेली गुंगी किंवा बरळणं हेच पहिलं लक्षण असतं.

तोंड वाकडं होणं, बोलणं अचानक अडखळणं, शुद्ध हरपणं, पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, रक्ताची उलटी, छातीत कळ, ऑक्सिजन ९० च्या खाली उतरून वर न येणं: यांत फोनाफोनी न करता थेट १०८. सीओपीडीसारखा फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्या काही पेशंटना डॉक्टरांनी ८८ ते ९२ हीच पातळी ठरवून दिलेली असते. म्हणून तो आकडा डिस्चार्ज कार्डावर हवा. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन आणि उदबत्ती लावू नका. देव्हारा त्याच खोलीत असेल तर दिवा दुसरीकडे लावा.

"एवढं सगळं कोण करणार?"

एकट्या सुनेने किंवा एकट्या मुलीने हे करायचं ठरवलं तर महिन्याभरात तिची कंबर धरते आणि पेशंटचीही आबाळ होते. कामं नावानिशी वाटा. बाहेरगावी असलेल्या भावाला औषधांचा साठा, बिलं आणि वहीच्या पानाचा रोजचा फोटो बघणं देता येतं. रात्रीचा दोनचा फेरा आठवड्यातून दोन दिवस घरातल्या पुरुषांकडे द्या. बेडची उंची उचलणाऱ्याच्या कमरेइतकी ठेवा, भाड्याचा बेड घेताना वर-खाली होणारा मागा. मावशींना बारा तासांत जेवणाची आणि पाठ टेकायची वेळ द्या. चोवीस तासांच्या ड्यूटीतला माणूस पहाटे तीन वाजता कूस बदलायला उठेलच, हे गृहीत धरू नका.

"विमा देईल ना?"

आरोग्य विम्यात 'डोमिसिलियरी हॉस्पिटलायझेशन' असा शब्द असतो. दाखल करण्याइतका आजार आहे, पण पेशंटला हलवता येत नाही किंवा दवाखान्यात खाट नाही, म्हणून घरीच उपचार चालले, तर तो खर्च. सहसा तीन दिवसांपेक्षा जास्त उपचार ही अटही असते. मावशींचा रोज, डायपर, बेडचं भाडं असा सांभाळण्याचा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. ब्युरोशी महिन्याचा करार करण्याआधी पॉलिसीतलं हे कलम वाचा, आणि डॉक्टरांनी घरी उपचाराचा सल्ला लेखी दिला असेल तर तो कागद जपून ठेवा.

"आणि हे किती दिवस चालणार?"

काही पेशंट कायमचे अंथरुणावर राहतात, पण पुष्कळांच्या नळ्या निघू शकतात. त्या निघत नाहीत, कारण कोणी विचारतच नाही. दवाखान्यात सोय म्हणून घातलेली लघवीची नळी घरी महिनोन् महिने तशीच राहते, आणि प्रत्येक दिवसागणिक संसर्गाची शक्यता वाढते. दर भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा, "ही अजून लागते का?" लघवीची नळी काढली की पुढचे सहा-आठ तास लघवी होते का ते बघायचं, नाही झाली तर पुन्हा घालता येते. राईल्स ट्यूबसाठी स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. ती झाल्याशिवाय "थोडंसं चाखायला" म्हणून चहाचा चमचाही देऊ नका. तपासणीत ठीक ठरलं तर पाण्यापेक्षा घट्ट पदार्थ आधी देतात: दाटसर दही, गाळलेली खीर, मऊ शिरा. पेशंटला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, अर्धा-अर्धा चमचा, आणि एक घास गिळला हे बघूनच पुढचा. नळी एकदम काढत नाहीत, तोंडाने पुरेसं जातंय असं वहीत काही दिवस दिसलं की मगच.